आईचे दात

चष्म्याच्या दुकानात डोळे तपासायला बसणाऱ्या बाईला सगळे चष्मेताई म्हणत. खरं नाव काय, हे दुकानाच्या मालकालासुद्धा क्षणभर आठवावं लागायचं. दुकानाच्या मागे एक अरुंद, अंधारी खोली होती. एका टोकाला उंच खुर्ची आणि समोरच्या भिंतीवर अक्षरांचा उजळलेला तक्ता. गिऱ्हाईक बसलं की चष्मेताई त्याच्या नाकावर ती जड, गोल फ्रेम चढवायची आणि एकेक काच सरकवत विचारायची, "हे बरं की ते बरं? आधीचं की आताचं?"

एवढ्याशा प्रश्नाला माणसं काय गोंधळतात म्हणून सांगू! घरंदारं विकून मोकळी होणारी माणसं त्या खुर्चीत बसली की ततपप करतात. "दोन्ही सारखंच दिसतंय हो," म्हणतात. काही तर चक्क चोरी करतात. बाहेर बाकावर बसल्या बसल्या, उघड्या दारातून दिसणारा तक्ता पाठ करून येतात आणि खुर्चीत बसून घडाघडा म्हणून दाखवतात. का, तर दिसत नाही म्हणायची लाज! चष्मेताईला हे सोंग बरोबर कळायचं. ती एक शब्द न बोलता बटण दाबून तक्ता बदलायची, की त्यांची बोबडी वळायची. मग ती हलकेच म्हणायची, "दिसत नसेल तर नाही म्हणा ना. त्यात काय एवढं?"

आता काच घालायची म्हणजे तोंडाशी तोंड न्यावं लागतं. जेमतेम वीतभर अंतर. तेवढा वेळ चष्मेताई श्वास रोखून धरायची. काच बसली, मान मागे घेतली, की मग भिंतीकडे तोंड करून सोडायची. गिऱ्हाइकांना वाटायचं, केवढी एकाग्रता! मालक तर येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा, "काम असं जीव ओतून करावं. आमची बाई श्वाससुद्धा घेत नाही!" बिचाऱ्याला काय माहीत, की तो अगदी खरं बोलतोय.

झालं होतं असं. ती नवीनच लागली होती तेव्हा एक चिमुरडी डोळे तपासायला आली. चष्मेताईने वाकून तिच्या फ्रेममध्ये काच घातली आणि त्या कार्टीने खणखणीत आवाजात सांगितलं, "आई, या मावशीच्या तोंडाला वास येतोय!" दार उघडं होतं. दुकान भरलेलं होतं. पोरीच्या आईने तिला चिमटा काढला, बाहेर कुणीतरी खुदकन हसलं, मालकाने उगाच काउंटर पुसायला घेतलं. बस, इतकंच. ज्यांनी ऐकलं ते सगळे संध्याकाळपर्यंत विसरले. ती पोर तर दुकानाबाहेर पडायच्या आत विसरली असेल. आमच्या चष्मेताईच्या मात्र ते काळजात रुतून बसलं.

त्याच संध्याकाळी तिने सगळ्यात कडक ब्रश घेतला. तेव्हापासून उठल्यावर घासायची, चहा झाला की घासायची, जेवण झालं की घासायची, झोपताना तर विचारूच नका. दुकानात काचा पुसायच्या कपड्यांच्या खणात आणखी एक ब्रश लपवलेला होता. घासायची म्हणजे कशी? करवत चालवावी तशी, आडवी, सगळा जोर लावून. रक्त आलं तर तिला उलट बरं वाटायचं. निघाली एकदाची घाण, असं वाटायचं.

तिचा नवरा लिफ्ट दुरुस्त करायचा. मोठ्या आवाजाचा, मोकळ्या मनाचा माणूस. पोटात एक आणि ओठात एक हे त्याला जमायचंच नाही. न्हाणीघरातून खसाखसा आवाज आला की बाहेरून ओरडायचा, "अगं, दात घासतेस की फरशी?" तीही हसायची. पण कारण काही सांगायची नाही. सांगितलं की हा उद्यापासून वास घेत बसणार, आणि आला तर लपवायचा नाही. त्यापेक्षा फरशी तर फरशी.

इतकी वर्षं असा छळ सोसून हिरड्या तरी काय करणार? त्या आपल्या मागे मागे सरकत गेल्या. वरच्या सुळ्यांपाशी दाताचं पिवळट मूळ उघडं पडलं. दात लांबलचक दिसायला लागले. गार पाण्याचा घोट लागला की कळ थेट मस्तकात जायची. हसताना तिचा हात आपोआप तोंडावर जायला लागला. एके दिवशी जेवताना पाणी प्यायली आणि डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. नवऱ्याने ताट बाजूला सारलं. "पुरे झालं. उद्या डॉक्टर. मला काही ऐकायचं नाही," तो म्हणाला, आणि खरोखरच दुसऱ्या दिवशी घेऊन गेला.

हिरड्यांची डॉक्टर अगदी तरुण होती. मोठ्या डॉक्टरांच्या दवाखान्यात नुकतीच लागलेली. तोंडाला मास्क, मास्कवर टपोरे डोळे. नवरा बाहेर बसला. डॉक्टरने बारीक सळईने एकेका दाताची हिरडी मोजली, आरसा आत धरला, पुन्हा मोजली.

"ताई, दातांच्या मुळाशी खाचा पडल्यात," ती म्हणाली. "बहुतेक वेळा अशा खाचा जोरात घासण्याने पडतात. ब्रश कसला वापरता?"

"मऊच," चष्मेताई म्हणाली.

"दिवसातून किती वेळा?"

"दोनदा. सगळे घासतात तेवढंच."

"नीट आठवून सांगा हं. कारण त्यावरच ठरवायचंय." डॉक्टरने स्टूल जवळ ओढलं. "दोन रस्ते आहेत. घासण्याने झालं असेल, तर आधी ब्रश बदलायचा, हात बदलायचा आणि काही महिने वाट बघायची. पुष्कळदा ते तिथेच थांबतं, कापाकापी करावी लागत नाही. पण हिरडी मुळातच पातळ असेल, घराण्यातच असेल, तर मग शस्त्रक्रिया बरी. टाळूतून पातळसा तुकडा काढून उघड्या मुळावर शिवायचा."

म्हणजे हे बरं की ते बरं! दिवसभर लोकांना विचारणारी बाई आज स्वतः त्या खुर्चीत बसली होती, आणि पाठ केलेला तक्ता म्हणून दाखवत होती. फरक इतकाच, की या पोरीकडे बदलायला दुसरा तक्ता नव्हता. ती बिचारी विश्वास ठेवून बघत होती. खरं सांगायचं तर चष्मेताईला एवढंच म्हणायचं होतं, की मी कडक ब्रशने घासते, दिवसभर घासते. पण त्याच्या पाठोपाठ "का?" आलं असतं. आणि त्या "का"चं उत्तर या छोकरीसमोर द्यायचं? वीतभर अंतरावरून? तिच्या तोंडून भलतंच निघून गेलं.

"माझ्या आईचेही असेच होते. तिच्या हिरड्या अशाच गेल्या. सगळे दात पडले."

आई! अहो, तिच्या आईचे दात म्हणजे बघत राहावं असे होते. केस पांढरेशुभ्र झाले, पाठ वाकली, पण कडक चणे कडाकडा फोडायची आणि शिवताना दोरा दातांनीच तोडायची. शेजारणी म्हणायच्या, "बाई, तुम्ही काय लावता दातांना?" म्हातारी खळखळून हसायची, आणि ते हसणं म्हणजेच उत्तर असायचं. सगळेच्या सगळे दात घेऊन गेली. त्या आईला लेकीने एका वाक्यात बोळकी करून टाकलं.

शब्द तोंडातून गेले आणि चष्मेताईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण परत कसे घ्यायचे?

"असं होय," डॉक्टर म्हणाली. "मग शस्त्रक्रियाच बरी. घरी बोला, विचार करा, घाई नाही."

"विचार कसला? करून टाका," चष्मेताई म्हणाली. कापून घेणं तिला सोपं वाटलं. सांगणं जमलं नाही.

बाहेर आल्यावर नवऱ्याचे डोळे विस्फारले. "ऑपरेशन? दाताचं?"

"हिरडीचं. डॉक्टरांनीच सांगितलंय," ती म्हणाली, आणि त्याच्याकडे न बघता पायऱ्या उतरायला लागली.

शस्त्रक्रिया सुरळीत झाली. सुई टोचली तेवढंच दुखलं. ती पोर काम करताना सारखी पुटपुटत होती, "छान चाललंय ताई, झालंच हं." टाके घालून झाल्यावर तिने चष्मेताईचा हात हातात घेतला. "किती शांत बसलात! सगळे पेशंट असे असते तर!" चष्मेताईला वाटलं, हिने खाडकन एक मुस्काटात मारली असती तरी परवडलं असतं.

मग डॉक्टरने दोघांनाही समोर बसवून बजावलं, "हा तुकडा अजून रुजलेला नाही. तिथे ब्रश लावायचा नाही, जीभ लावायची नाही, ओठ ओढून आरशात बघायचंसुद्धा नाही. औषधाचं पाणी तोंडात नुसतं धरायचं आणि सोडायचं. तुकडा हलला की मेला."

घरी नवऱ्याने तिची राणीसारखी बडदास्त ठेवली. गार दूध स्वतः आणून द्यायचा. भात इतका मऊ करायचा की त्याची खळच व्हायची. "तोंड उघडू नकोस, खुणेने सांग," म्हणायचा आणि खुणा कळल्या नाहीत की स्वतःच मोठ्याने हसायचा. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहायची. त्याला वाटायचं दुखतंय. दुखत होतंच, पण तोंड फिरवायचं कारण ते नव्हतं. तिने दात घासले नव्हते. हात नुसता शिवशिवत होता.

शेवटी घरी बसून करमत नाही म्हणून ती दुकानात गेली. तोंडाला मास्क लावला. म्हटलं, बरंच झालं, आता श्वास रोखायला नको. पण कसलं काय! मास्कच्या आत तिचाच श्वास तिच्याच नाकाशी परत यायला लागला. रक्ताचा, औषधाचा, शिळा, कोंदट. आजवर ज्याची नुसती भीती होती, ते आज तिने स्वतःच्या नाकाने घेतलं. एवढ्यात मालकाने बाहेरून हाक दिली, "चष्मेताई, आजोबांना आत पाठवू का?"

"पाच मिनिटं," ती म्हणाली आणि कपड्यांच्या खणातून ब्रश काढून मागच्या बेसिनपाशी गेली.

ठरवलं होतं, फक्त खालचे दात. वर हात न्यायचा नाही. खालचे घासून झाले. किती बरं वाटलं! आणि मग हाताला जे इतक्या वर्षांचं वळण लागलं होतं त्याने तो वर गेला. तिला कळलं तेव्हा आत काहीतरी टचकन तुटलं होतं. बेसिन लाल झालं. गिऱ्हाइकांनी फ्रेम लावून बघायचा छोटा आरसा तिने तोंडासमोर धरला. टाळूतून काढलेला तो तुकडा एका टाक्यावर लोंबत होता.

मालक धावत आला तोवर तिने ब्रश पर्समध्ये कोंबला होता. "शिंक आली," ती रुमालातून म्हणाली. नवऱ्याला फोन गेला. तो कुणाची तरी लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये तशीच सोडून आला, त्यालाही तिने तेच सांगितलं. शिंक.

दवाखान्यात शिरल्या शिरल्या त्याच्या रागाचा भडका उडाला. बाकांवर माणसं बसलेली, पण त्याला कुठली शुद्ध! "कुठे आहे ती डॉक्टर? असं शिवतात होय? साध्या शिंकेने सुटलं! आम्ही म्हणाल ते सगळं केलं. पाणीसुद्धा चमच्याने पाजलं मी हिला! माणसाचं तोंड आहे की उशीचा अभ्रा?"

डॉक्टर बाहेर आली. चष्मेताईला बाकावरच बसवून तिने बॅटरीने तोंडात बघितलं आणि तिचा चेहरा उतरला. तोवर आतल्या दारात मोठे डॉक्टर येऊन उभे राहिले होते. ते हाताची घडी घालून बघत होते.

"शिंकेने सहसा असं होत नाही," ती पोर हळू आवाजात म्हणाली. "माझाच टाका सैल पडला असेल. चूक माझी आहे. मी पुन्हा करून देते, एक पैसा घेणार नाही."

बोलताना तिचे कान लालबुंद झाले होते. नजर कुठे ठेवावी ते तिला समजत नव्हतं. हात उगाच बॅटरी लावत होता, बंद करत होता. चष्मेताईने ते बघितलं. ही लाज ती ओळखत होती. दुकान भरलेलं असताना, दार उघडं असताना, आपले कान असेच पेटलेले असतात. फक्त त्या दिवशी ती स्वतः खुर्चीशी उभी होती. आज तिने दुसऱ्याच्या लेकीला तिथे उभं केलं होतं.

"आणि हिरडी मुळातच पातळ आहे ना," डॉक्टर चाचरत नवऱ्याला समजावत होती, "त्यांच्या आईलाही हाच त्रास होता. सगळे दात गेले होते त्यांचे..."

"कुणाच्या आईला?" नवरा म्हणाला.

त्याचा राग जिथल्या तिथे थांबला. त्याने वळून बायकोकडे बघितलं. बाकावरच्या माणसांनीही बघितलं. रुमाल तोंडावर होता, दुखत होतं, गप्प राहिली असती तरी कुणी काही म्हटलं नसतं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं वाटायची वेळ होती. पण धरणी काही कुणाला वेळेवर घेत नाही. चष्मेताईने पर्स उघडली आणि ब्रश काढून समोरच्या मेजावर ठेवला.

त्याचे केस दोन्ही बाजूंना फाकून आडवे झाले होते. मधे रक्त होतं.

"टाका सैल नव्हता," ती म्हणाली. सुजलेल्या तोंडातून शब्द बोबडे येत होते, म्हणून तिने पुन्हा सांगितलं. "टाका चांगला होता. मी घासलं. आधीपासून असंच घासते. दिवसभर. मी खोटं बोलले."

"अगं, पण का?" नवरा म्हणाला.

आला, तो "का" आलाच. तिने मोठ्या डॉक्टरांकडे बघितलं, त्या पोरीकडे बघितलं आणि सांगून टाकलं. ती चिमुरडी, ती काच, ते उघडं दार. बाकावर कुणीतरी खुदकन हसलं. अगदी तस्संच. चष्मेताईचे कान पेटले, पण तिने वाक्य अर्ध्यावर सोडलं नाही.

नवरा मटकन बाकावर बसला. "वेडे, इतकी वर्षं तुझ्या शेजारी घोरतोय मी. मला विचारायचंस ना."

"तुम्ही सांगितलं असतंत?"

"म्हणजे काय! ओरडून सांगितलं असतं!"

"म्हणूनच नाही विचारलं," ती म्हणाली.

मोठे डॉक्टर दारातून बाजूला झाले. "आत घ्या त्यांना," एवढंच म्हणाले, पण बोलताना त्यांनी त्या पोरीच्या खांद्यावर हात ठेवला.

आत खुर्चीत बसवल्यावर डॉक्टरने दिवा ओढला, स्टूल ओढलं आणि मग तोंडावरचा मास्क काढून ठेवला. चष्मेताई तिचा अख्खा चेहरा पहिल्यांदाच बघत होती. तो वीतभर अंतरावर आला आणि सवयीने तिचा श्वास आतल्या आत अडकला.

"श्वास सोडा," डॉक्टर म्हणाली.

चष्मेताईने मान हलवली. नाही.

"ताई, सोडा."

त्या चिमुरडीनंतर एवढ्या अंतरावर तिने कुणासमोर श्वास सोडला नव्हता. छातीत दुखायला लागलं, डोळ्यांत पाणी आलं. मग तो सुटला. सगळाच्या सगळा, त्या पोरीच्या तोंडावर. पोरीने तोंड फिरवलं नाही.

"रक्ताचा वास आहे," ती म्हणाली. "औषधाचा आहे. एरवीचं मी आज कसं सांगू? जखम भरली की या, तेव्हा पुन्हा बघू. असेल तर असेल म्हणेन, त्याला उपाय असतात. नसेल तर नसेल म्हणेन. खोटं सांगणार नाही."

चष्मेताईने डोळे पुसले. खोटा धीर दिला असता तर तिने तो घेतला नसता. हे मात्र तिने घेतलं.

"हा तुकडा आता वाचणार नाही, काढावा लागेल," डॉक्टर पुढे म्हणाली. "नंतर पुन्हा तेच दोन रस्ते. मऊ ब्रश, हलका हात आणि वाट बघायची. किंवा टाळूतून पुन्हा काढून शिवायचं. मूळ थोडं उघडं राहिलं तरी चालेल ना? की..."

"ब्रश," चष्मेताई म्हणाली. "आधी ब्रश. तुम्ही शिकवा, मी शिकते."

दाराशी उभा राहून नवरा ऐकत होता. तो आत आला, खुर्चीच्या पाठीला हात टेकवून उभा राहिला आणि त्याच्या मानाने खूपच हळू बोलला. "आणि तुझ्या आईचं काय गं ते? त्यांचे कुठे दात पडले होते?"

डॉक्टरही थांबली. बॅटरी हातात तशीच राहिली.

चष्मेताईचा हात सवयीने तोंडाकडे निघाला होता. तो तिने मांडीवर ठेवला.

"माझ्या आईचे दात चांगले होते," ती म्हणाली. "शेवटपर्यंत. हसताना तिने कधी तोंडावर हात धरला नाही."